बडग्याचा उजवा हात

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी बडग्याचा उजवा हात खांद्यातून उसवला आणि तणसासकट खाली लोंबला, तेव्हा अनुसया परातेच्या हातात चहाची बशी होती. तो चहा तिनं प्यायलाच नाही. दुपारी बशी तशीच ओट्यावर सापडली, तिच्यात मुंग्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. पुढे बाईच्या रूपातल्या दोन मारबती, काळी आणि पिवळी, आणि त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे पुतळा. वर्षभर ज्यानं लोकांचा जीव खाल्ला असेल त्याचा माणूस बनवायचा, गावभर फिरवायचा, शिव्या द्यायच्या आणि शेवटी जाळून टाकायचा. तांडापेठच्या या गल्लीनं यंदा फोनवरून ओटीपी मागणारा चोर केला होता. अकरा फूट उंच, आत बांबू, बांबूवर तणस म्हणजे भाताचा पेंढा, वरून जुन्या लुगड्यांचा सदरा. उजव्या हातात फ्रिजच्या खोक्याचा मोबाईल. दोरी ओढली की हात वर जायचा, सोडली की खाली. सारी गंमत त्या हातातच होती.

हातगाडीवर चढवताना पोरांनी दोरी ओढून पाहिली. पहिल्यांदा हात वर गेला. दुसऱ्यांदा पोत्याचं तोंड एका दोऱ्यानं सुटावं तशी सगळी शिवण सर्रकन निघाली.

"कोणं शिवला गा हा हात?" बाबनराव म्हणाले.

कोणी शिवला ते त्यांना ठाऊक होतं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं बडग्याचे कपडे अनुसया शिवायची. एकदाही टाका सुटला नव्हता. जानेवारीत तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि यंदा पहिल्यांदा ते काम तिच्या सुनेनं, पुष्पलतेनं केलं. तिची मोटरवाली मशीन होती, हातही चांगला होता. पण उमरेडहून येऊन तिला तीनच वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत गल्ली कोणाला आपलं म्हणत नाही.

"उमरेडची शिलाई!" बाबनरावांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. मंडळाचे ते म्होरके, सत्तरी ओलांडलेले, स्वतः जुने विणकर. "वहिनी, तुमच्या हातची असती तर अशी सुटली नसती. दहाले आपल्याले चौकात पोचा लागते. पावणेदहाले गाडी हालली नाही तर आपला नंबर गेला, बडग्या इथंच राहीन. वर्षभराची इडापिडा गल्लीतच. मंग लोक कोणाचं नाव घेतील, ते मी कायले सांगू?"

अनुसया घरात आली. आतल्या खोलीत पुष्पलता पिशवीत साड्या कोंबत होती. अनुसयाचा मुलगा संजीव दारात उभा होता, आत जावं की बाहेर यावं हे न कळणाऱ्या माणसासारखा.

"अकराच्या बसनं मी उमरेडले जाऊन राहिली," पुष्पलता त्याला म्हणत होती. "तुमच्या गल्लीची इडापिडा माह्या डोक्यावर नको."

"अवं, आत्ता परत शिवता येते ना."

"कशावर शिवू? लाईट कुठं आहे?"

लाईट नव्हती. अकरा फुटी बडग्या गल्लीतून काढायचा म्हणून लाईनमननं आठ वाजताच तारा उतरवल्या होत्या. पलीकडं कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या सकाळपासून धूर सोडत होत्या आणि इथं मोटरची मशीन मुकाट बसली होती. तिला पायानं चालवायची सोयच नव्हती.

पुष्पलता अनुसयाकडं वळली. तिचे डोळे लाल होते. "आई, मी दुहेरी टीप मारली होती. खरं सांगते."

"मले माहीत आहे," अनुसया म्हणाली. पण मग शिवण सुटली कशी, ते तिला माहीत नव्हतं. तेच तिला टोचत होतं.

ती संजीवला म्हणाली, "टीव्ही उचल."

टीव्ही पायमशीनवर ठेवला होता. ऑपरेशन झाल्यापासून सात महिने ती मशीन बंद होती आणि तिच्यावर चादर, चादरीवर टीव्ही. अनुसयाच्या नवऱ्यानं, देवरावांनी, ती कामठीच्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून आणली होती. म्हातारा म्हणाला होता, ही गोऱ्यांच्या वेळची आहे. देवरावांचा हातमाग बंद पडला, लाकडं चुलीत गेली, पण मशीन राहिली आणि तिनं दोन पोरं वाढवली. अनुसया शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. बाकीचं शिक्षण आधी मागाजवळ आणि मग या मशीनजवळ झालं.

संजीवनं मशीन ओढत दारात, उजेडात आणली, गाडीवरच्या बडग्याची उसवलेली बाहीही काढून आणली. अनुसयानं पदरानं धूळ पुसली. एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली लग्नपत्रिका घडी करून सारली. तेलाची कुपी घेऊन एकेका भोकात दोन-दोन थेंब सोडले, चाक हातानं पुढं-मागं केलं. आधी ते हललंच नाही. मग कुरकुरलं. मग फिरलं. तिनं पायदानावर पाय ठेवला आणि चामड्याचा पट्टा दोन तुकडे होऊन खाली पडला.

"गेली," संजीव म्हणाला.

"काय गेली? माळ्यावर चरख्याचा डबा आहे. त्यातली सुती दोरी आण."

चरख्यावर मागाच्या कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरायच्या; त्याची ती पिळाची दोरी. सोळाव्या वर्षी सून म्हणून आली तेव्हा अनुसयाचं पहिलं काम कांड्या भरायचंच होतं. तिनं दोरी दोन्ही चाकांवरून घेतली, ओढली आणि विणकराची गाठ मारली. ती गाठ हाताला लागत नाही. चाक फिरलं.

घड्याळात नऊ वाजायला पाच मिनिटं होती. दारात बाबनराव.

"वहिनी, सुतळीनं बांधून टाकू का?"

"आणि दोरी ओढल्यावर सुतळी कापड फाडीन, मंग?"

"फेव्हिकॉल?"

"भाऊजी, तुम्ही तुमची शिट्टी सांभाळा."

आता दोरा. या मशीनची बॉबीन गोल नाही, काडीसारखी लांब आहे, आणि ती नावेसारख्या शटलात बसते. मागाच्या धोट्यात कांडी बसते ना, तशीच. म्हणून पहिल्या दिवशी देवरावांनी ती दाखवली तेव्हा अनुसया हसली होती. एवढासा धोटा! तिनं बॉबीन भरली, शटलात घातली, दोरा खाचेतून ओढला. मग तिच्या दोऱ्यांच्या डब्यातलं रीळ वरच्या खिळ्यावर. तिथून आकड्यात, आकड्यातून दोरा आवळून धरणाऱ्या दोन चकत्यांच्या मधून, तारेखालून, वर-खाली होणाऱ्या दांडीच्या छिद्रातून, मग खाली सुईकडं. हे सगळं बोटांना पाठ होतं. सुईचं नेढं मात्र बोटांना दिसत नाही. या मशीनला दोरा डावीकडून घालायचा, उलट घातला की टाका पडतच नाही. आणि सुई एकच उरली होती. ही मशीन दुसऱ्या कोणाची सुई घेत नाही.

एकदा चुकला. दोनदा चुकला. दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं, तिसऱ्यांदा चुकला.

"पुष्पा," तिनं हाक मारली.

आतून पिशवीची चेन लागल्याचा आवाज आला.

"पुष्पा, जायचं तर जा. पण जाता जाता हा दोरा घालून दे."

पुष्पलता बाहेर आली, पिशवी खांद्यावर, वाकली आणि एका झटक्यात दोरा घालून दिला. मग ती गेली नाही. सहा फुटांची बाही एकट्या माणसाला मशीनवर धरता येत नाही हे तिला दिसत होतं. तिनं पिशवी न उतरवता बाहीचं टोक उचललं.

अनुसयानं आधी चिंधीवर चालवून पाहिलं. वरून टाके सुरेख. चिंधी उलटली तर खाली दोऱ्याचा गुंता, केसांचं गुंतवळ. एक टोक ओढलं आणि सगळी शिवण सर्रकन निघाली.

दारातून बाबनराव म्हणाले, "घ्या! सासूची मशीन बी सुनेच्या वळणावर."

पुष्पलतेनं खांद्यावरची पिशवी वर सारली. संजीव म्हणाला, "काका, जरा चूप राहा ना जी." नऊ वाजून दहा मिनिटं. गल्लीत ढोल सुरू झाला होता.

खाली गुंता म्हणजे वरचा दोरा ढिला. अनुसयानं चकत्यांचा स्क्रू आवळला. पुन्हा गुंता. अजून आवळला. पुन्हा गुंता. दोन्ही चकत्या एकमेकींना टेकतच नव्हत्या, मध्ये काहीतरी होतं. तिनं नख घातलं. नखावर पांढरं पीठ आलं.

तिनं ते बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. आंबूस वास. तांदळाची खळ.

अनुसयाला ढोल ऐकू येईनासा झाला.

गेल्या पंधरवड्यात पुष्पलतेचं रीळ संपलं होतं. नेमका उजवाच हात शिवायचा राहिला होता. ती मागायला आली तेव्हा अनुसयानं आपल्या डब्यातलं रीळ दिलं, वर सांगितलंही, हा चांगला आहे, पक्का केलेला आहे. जुने सुती दोरे कच्चे झाले म्हणून यंदा मशीन बंद असताना तिनं पहिल्यांदाच त्यांना खळ लावली होती. तांदळाची पेज पातळ करून, दोरा त्यात बुडवून, गच्चीवर ताणून, वाळवून, परत गुंडाळून. कोष्ट्याच्या घरात खळ न लावता दोरा मागावर चढवतात का? पहाटे गल्लीभर ताणे पसरून ब्रशनं खळ मारत तिची वीस वर्षं गेली होती. बिनखळीचा दोरा तिला उघडा वाटायचा. मागावर खळ दोऱ्याला जपते. मशीनच्या चकत्यांत तीच खळ झडून बसते, चकत्या उघड्या पडतात, आणि शिवण वरून साजरी दिसते, खालून पोकळ. पुष्पलतेच्या मशीनमध्येही तेच झालं असणार. याच डब्यातला दोरा, हीच खळ.

कोणालाच काही कळलं नव्हतं. चकत्या पुसायच्या, रीळ बदलायचं, शिवायचं, बस. पंचवीस वर्षांचं नाव होतं तिथं राहिलं असतं.

तिनं लुगड्याची चिंधी ओली करून चकत्यांच्या मधून ओढली. तीनदा ओढली, मग तेलाच्या चिंधीनं पुसली. शटलातली बॉबीनही काढून रिकामी केली. डब्यात एक रीळ असं होतं ज्याला खळ लावायचं राहून गेलं होतं. ते चढवलं, बॉबीन परत भरली. यावेळी पुष्पलतेनं न सांगता सुई ओवली.

चिंधीवर टाका. उलटून पाहिला. खालून तसाच, वरून तसाच. ओढला, निघाला नाही.

नऊ वाजून सतरा मिनिटं.

बाही मशीनखाली घेतली. चाकाला हातानं आपल्याकडं एक फेरा दिला, मग पाय. चरख्याची दोरी सरसरली. पुष्पलता बाही पुढं सारत होती, मागून संजीव ओढून घेत होता. पहिली टीप झाली. दुसरीच्या मध्यावर, काखेजवळ, जिथं चार पदर एकावर एक होते, मशीन अडकली. सुई कापडात रुतून उभी. जोर केला असता तर मोडली असती, आणि दुसरी नव्हती. अनुसयानं पाय काढला. चाक दोन्ही हातांनी धरलं, एकेक टाका हळूहळू, दात काढावा तसा.

"सूनबाईनं असं सांभाळून शिवलं असतं तर ही पाळी—" बाबनराव बोलले.

अनुसयाचा हात चाकावर थांबला. सुई अर्धी वर, अर्धी खाली.

"भाऊजी, शिलाई उमरेडची होती ना, ती बरोबर होती. दोरा तांडापेठचा होता. माह्या डब्यातला. मी त्याले खळ लावली होती."

"खळ?" बाबनराव पुढं आले. "शिवायच्या दोऱ्याले?"

"हो, शिवायच्या दोऱ्याले. चकत्यांत झडून बसली, शिवण पोकळ झाली. पोरीचा काही गुन्हा नाही. ओरडायचं असन तर माह्यावर ओरडा, पण शिवण झाल्यावर. आता मले टाका मोजू द्या."

चाळीस वर्षं बाबनरावांनीही ताण्याला खळ मारली होती. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, वाजवली नाही, आणि बाहेर जाऊन पोरांवर उगीच खेकसले.

पुष्पलतेनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, कारण आता काखेचं वळण होतं आणि त्याला दोन्ही हात लागत होते.

तिसरी टीप साडेनऊला दोन मिनिटं असताना संपली. संजीव बाही घेऊन पळाला. चार पोरांनी ती बांबूवर चढवली, तणस भरलं, खांद्याशी अनुसयानं हाताच्या सुईनं मोठे टाके घातले. कोणीतरी दोरी ओढली. हात वर गेला. सोडली, खाली आला. परत वर. गल्ली ओरडली.

बाबनराव गाडीशी उभे होते. पुष्पलतेकडं न बघता ते म्हणाले, "सूनबाई, मोबाईल नीट अडकवून दे वं. तुले जमते."

"जमते जी," पुष्पलता म्हणाली. आवाज अजून रुसलेलाच होता. रुसवा शिवणीसारखा नसतो, लगेच सुटत नाही. पण मोबाईल तिनं नीट अडकवला.

गाडी हलणार तेवढ्यात अनुसया म्हणाली, "थांबा!" ती घरात गेली आणि डबा घेऊन आली. त्यातली खळ लावलेली रिळं होती पाच. तिनं ती एकेक करून बडग्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"माय, हे काय करून राहिली?" संजीवनं विचारलं.

"इडापिडा घेऊन चालला ना तो? मंग हेही ने म्हणावं."

"घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडली आणि गाडी चौकाकडं निघाली. दुपारी बडग्या जळाला तेव्हा संजीव तिथं होता. घरी येऊन त्यानं सांगितलं, आधी डोकं गेलं, मग पोट, मोबाईल तर केव्हाच. उजवा हात सगळ्यात शेवटी पडला.

"खळीचा दोरा खिशात होता, म्हणून पोट लवकर पेटलं असन," पुष्पलता म्हणाली. ती पायमशीनवर बसली होती आणि दोरा आकड्यातून चकत्यांत घेत होती, चुकीच्या बाजूनं.

"डावीकडून वं," अनुसया म्हणाली.

अकराची उमरेडची बस केव्हाच गेली होती. पिशवी अजून दारातच पडली होती. ती आत न्यायची आठवण कोणी केली नाही, अनुसयानंही नाही. तिनं फक्त जाता-येता पाय लागू नये म्हणून ती जरा भिंतीशी सरकवली.