आधी कान, मग पाना

सायकल दुरुस्त होऊन घरी जाते, किस्सा मात्र दुकानातच राहतो. द्वारका चौकाजवळ रज्जाकभाईंच्या सायकल दुकानाला लागून माझं स्टेशनरीचं दुकान होतं. त्यामुळे नव्वदनंतरचे असे किस्से माझ्याकडे वह्यांपेक्षा जास्त साठलेत. वह्या निदान खपायच्या तरी!

भाईंची ख्याती एकच: सायकलमधला नको तो आवाज शोधून काढणं. नियमही एकच. "आधी कान, मग पाना." मालकाने सायकल चालवायची, भाई कान लावून शेजारून पळणार. तोवर पान्याला हात नाही!

*

एकदा जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सोनवणेबाई आल्या. पायडल मारलं की टक्-टक्! एका दुकानाने चेन बदलली, दुसऱ्याने पायडल, आवाज जागच्या जागी. भाई बाईंच्या शेजारून पळाले. मग स्वतः चालवून बघितली, तर चिडीचूप. पुन्हा बाई बसल्या, पुन्हा टक्-टक्!

भाईंनी बाईंच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे बोट दाखवलं. दर पायडलला तो सीटखालच्या लोखंडावर आपटत होता.

"बाई, सायकल एकदम ओके. आवाज शाळेच्या कपाटांचा आहे!"

*

ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर असलेले पाटील. आपल्या सायकलच्या नटाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपायचा नाही. "आम्ही विमानं जोडतो, सायकल काय चीज आहे!"

रविवारी त्यांनी सायकल सगळी खोलली, ग्रीस भरलं, जोडली, चक्कर मारली. आवाज बंद! सोमवारी ड्युटीच्या बससाठी निघाले, तर खळ्-खळ् चालू. असे तीन रविवार गेले. चौथ्या सोमवारी साहेब गुपचूप दुकानात हजर.

भाईंनी कॅरियरवरचा जेवणाचा डबा उघडला आणि आतला चमचा त्यांच्या हातात दिला. "रविवारी डबा नसतो ना, साहेब!"

*

पेठ रोडकडचे एक बाबा सायकलवर भाजी आणायचे. "चेन लय करकरायची, म्हनून घरचं तेल घातलं. शेंगदान्याचं हाय!"

आवाज खरंच गेला होता. पण चेनवर मुंग्यांची रांग लागली होती!

भाई म्हणाले, "बाबा, आता फक्त फोडणी द्यायची राहिली!"

*

पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, आणि नेमके त्याच सुमारास भाईंचे कान गेले. डॉक्टरांनी मशीन दिलं. ते लावलं की द्वारकेचे सगळे ट्रक एकदम डोक्यात शिरायचे! भाईंनी ते बेअरिंगच्या छर्र्यांच्या डब्यात टाकून दिलं.

एक दिवस माझ्याकडे पुठ्ठा मागायला आले. "लिहून दे भाऊ, 'दुकान देणे आहे.' कान गेला की मिस्त्री गेला."

पुठ्ठा माझा, अक्षरही माझंच. फार वाईट वाटलं मला.

*

बोर्ड लागून आठवडा झाला असेल. सोनवणेबाई आल्या. आता रिटायर झालेल्या, पण सायकल तीच. बारीक टिक्-टिक् येत होती आणि कुणालाच सापडत नव्हती. भाईंनी नुसतं बोर्डाकडे बोट दाखवलं.

"वाचलं! आता सायकल बघा!" बाई वर्गातल्या आवाजात कडाडल्या. एवढं मात्र भाईंना ऐकू आलं.

त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि बाईंना पायडल हाताने फिरवायला सांगितलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक सायकलला टेकवलं, डोळे मिटले. आधी दांडा. मग मागचं चाक. मग दोन पायडलांच्या मधला भाग. तिथे ते थांबले. मी गिऱ्हाईक सोडून बघत उभा!

भाईंनी पाना घेतला, तो भाग खोलला आणि ग्रीसमधून एक छर्रा काढून बाईंच्या तळहातावर ठेवला. त्याचे दोन तुकडे झाले होते.

"ऐकू आलं?" बाईंनी ओरडून विचारलं.

"नाही बाई. दातांना कळलं!"

खाली काळं तेल ठिबकत होतं. भाईंनी बोर्ड उतरवला, उलटा करून सायकलखाली सारला आणि हाक दिली, "चला, पुढची सायकल कुणाची?"

दुकानात दुसरी सायकलच नव्हती. मी जाऊन माझी घेऊन आलो. घंटी सोडली, तर त्या सायकलचा कसलाही आवाज येत नव्हता.