उरलेली पिन

माझ्या पोरीच्या फोनमधला गाडी दुरुस्तीचा खेळ पाटोद्याच्या बाजाराहून घरी पोचायच्या आत काढून टाकायचा, असा थोरल्या दिरांचा हुकूम होता. "पोरीला काय गॅरेज टाकायचंय का?" माझ्या त्या दिवसाच्या यादीत सात कामं होती. हे आठवं मी लिहूनच घेतलं नाही.

खेळ मी स्वतः खेळून बघितला होता. गाडी जॅकवर घ्यायची, चाक काढायचं, आतले भाग एकेक सोडवायचे. क्रम चुकला की पुढचा नट हलतच नाही. एखादा भाग खाली उरला तर काम पूर्ण झालं असं फोन म्हणत नाही. यादी केल्याशिवाय किराणाही न आणणाऱ्या मला यात वावगं काय ते कळेना.

बाजार उरकून आम्ही गॅरेजवर आलो. दिरांच्या जीपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलणं चाललं होतं. अकरा वर्षांची माझी लेक पोत्यावर मांडलेल्या भागांजवळ बसून राहिली. मिस्त्रीने चाक चढवलं, जॅक उतरवला, हात पुसले.

"मामा, ही पिन राह्यली की," ती म्हणाली. मोठा नट फिरू नये म्हणून त्यात आडवी घालतात ती पिन पोत्यावर पडली होती.

"जुनी हाय ती. नवी टाकली."

"टाकताना मला न्हाई दिसली."

दीर हसले. "घ्या! आता ही मिस्तरीला शिकवणार. चला, बसा गाडीत."

मी बसले नाही. "मिस्त्री, चाकाची मधली टोपी काढून दाखवा."

"कावून, ताई? हयात गेली माजी या कामात."

"दाखवा."

त्याने कुरकुरत टोपी काढली. पिन जागेवर होती. नवी, चकचकीत, टोकं नीट वाकवलेली.

"झालं समाधान?" दीर म्हणाले. "लई हुशार हाय पोर. काढा तो खेळ, आत्ता, माज्यासमोर."

पोरीने मान खाली घातली आणि फोन माझ्यापुढे धरला. मी तो तिच्याच हातात परत ठेवला.

"नाही काढणार, दादा. ती चुकली, कबूल. पण विचारलं तिनं एकटीनंच. आपण दोघं चहा पीत होतो."

दीर गाडीत जाऊन बसले. पोर मात्र हलेना. "मामा, जुनी कावून चालत न्हाई?"

"एकदा वाकवली की तिच्यात दम राहत न्हाई. परत वाकवली की तुटती. तुज्या फोनात सांगत न्हाई व्हय हे?"

"न्हाई."

"मग घे लिहून."

तिने माझी यादी मागून घेतली आणि पाठीमागे लिहिलं. दिरांनी तीनदा हॉर्न वाजवला. तिचं लिहून होईपर्यंत मी उभी राहिले.

खेळ अजून फोनमध्ये आहे. हल्ली ती त्यालाच नावं ठेवते, दरवेळी जुनीच पिन परत लावतो म्हणून.