पाचव्या दिवसाचे इवाई

माझ्या इवायांनी मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की स्तुती करता करता शेवटी आरोप केला. इवाई म्हणजे व्याही, माझ्या सुनेचे वडील. आमचे आजे नागपूरकडून भिलाईला आले, पोरं घराबाहेर पडली की हिंदीतच बोलतात, पण हा शब्द आम्ही अजून सोडलेला नाही. मी हातगाडीवर जुने नळ आणि पाइप विकत होतो, आज माझं तीन शटरचं दुकान आहे. कारखान्याचे ठेकेदार आणि रायपूरचे दलाल माझ्याशी भाव करून घाम पुसत परत गेले आहेत. मला फसवू शकलेला माणूस या जगात एकच, आणि तो असा, की कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा त्याला 'कमी करा' म्हणता येत नाही.

इवायांची सगळी नोकरी पोलाद कारखान्यात गेली. भट्टीत पोलाद वितळत असताना त्याचं सॅम्पल काढायचं, तपासायला पाठवायचं, आणि रिपोर्ट आल्याशिवाय भट्टी रिकामी होऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. सॅम्पल केव्हा काढायचं यातच सगळी अक्कल आहे, असं ते सांगतात. "लवकर काढलं तर भट्टी खोटं नाई बोलत, आपणच तिले बोलाले टाइम देत नाई." निवृत्त झाले, भट्टी सुटली, पण सॅम्पल सुटलं नाही. घरात दही विरजलं की चमचा केव्हा घालायचा हे ते ठरवतात, आणि त्याआधी कुणी झाकण उघडलं तर दिवसभर गप्प बसतात. आंबा नाकाशी नेऊन ते फक्त "परवा, दुपारनंतर" एवढंच म्हणतात. मी एकदा मुद्दाम परवा सकाळी कापला. आंबट निघाला. दुसरा दुपारी कापला, तो गोड होता. विहीणबाई म्हणतात, "लग्नात माह्या गळ्यात हार घालताना पण घड्याळ पाहून राहिले होते हे!"

माझंही सॅम्पल त्यांनी काढलं होतं, हे मला मुलाचं लग्न होऊन गेल्यावर कळलं. मुलीला आमच्या घरी द्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी हा गृहस्थ ओळख न देता माझ्या दुकानात तीन वेळा गिऱ्हाईक म्हणून आला. एकदा सकाळी उघडताना, एकदा भर दुपारी, आणि एकदा बंद करायच्या वेळेला. तिसऱ्या वेळी त्यांनी पाइपाचा अर्ध्या इंचाचा एक कोपरा सात वेळा उलटसुलट करून पाहिला आणि "विचार करतो" म्हणाले, तेव्हा मी त्यांना दुकानातून हाकललं होतं. तरी मुलगी दिली. मी विचारलं, "हाकलल्यावर पण?" तर म्हणाले, "एका सॅम्पलवर माल फेकत नसतात. पहिले दोन चांगले होते."

कोरोनाच्या मोठ्या लाटा ओसरल्या आणि घरी तपासायच्या किट दुकानादुकानांत मिळू लागल्या, तेव्हा दुर्गकडे बोरसीला, इवाई राहतात त्या गल्लीत, त्यांना दुसरी नोकरीच लागली. लोक त्यांना फाटकावरून विचारत, "काका, आज करू का उद्या?" त्यांचे नियम ठरलेले. घसा खवखवला, ताप आला, तर त्याच दिवशी करा, वाट पाहू नका. काहीच होत नाही, पण बिमार माणसाजवळ बसून आलात, तर पाच दिवस पूर्ण होऊ द्या. एक रेघ आली तर पेढे वाटू नका, दोन दिवसांनी पुन्हा करा. "एक रेघ म्हणजे 'नाई' नाई. 'अजून नाई'." समोरच्या एका भजनी काकांनी बिमार मेहुण्याला भेटून आल्या संध्याकाळीच लागोपाठ चार किट वापरल्या, चारही साफ निघाल्या म्हणून टाळ घेऊन निघाले. इवायांनी त्यांना रस्त्यात अडवलं. "एका टाइमाले चार सॅम्पल काढले तर ते एकच सॅम्पल असते, भाऊ. टाळ घरीच वाजवा." मी एका ओळखीच्या एजंटाकडून किटचा अख्खा खोका घासाघीस करून आणला आणि मोठ्या दिलाने त्यांना भेट दिला. त्यांनी आभार मानायच्या आधी मुदतीची तारीख वाचली, मग खोक्याला हात लावून पाहिला. "गाडीत उन्हात होता का?" होता, दोन दिवस. खोका त्यांनी माझ्याच हातात परत दिला.

आता मुख्य गोष्ट. सुनेचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बोरसीला झालं. मुलगी झाली. तीन आठवडे आधीच आली, वजन कमी, मूठ माझ्या अंगठ्याएवढी. डॉक्टरांनी जपायला सांगितलं. इवाई म्हणाले, बारसं थोडं पुढे ढकलू. मी म्हणालो, बाराव्या दिवशी, बुधवारीच होईल, आमच्या घराण्यात असंच होतं. घराण्यात काय होतं ते मला काही माहीत नव्हतं, पण मी वरपक्ष होतो, आणि वरपक्षाने एकदा दिवस सांगितला की मुलीच्या बापाने मान हलवायची असते. त्यांनी हलवली.

बारशाआधीच्या शनिवारी मी गोंदियाला एका लग्नाला गेलो आणि चुलतभावाबरोबर एका खोलीत झोपलो. सोमवारी इवायांना गाडीत घालून पाळणा आणायला कुम्हारीला गेलो. काचा बंद, एसी सुरू, आणि जाता-येता बोलत मी एकटाच. मंगळवारी सकाळी गोंदियाहून फोन आला, चुलतभाऊ तापला आहे आणि त्याच्या किटवर दोन रेघा आहेत. मी लगेच आपली टेस्ट केली. एकच रेघ. विजयी थाटात इवायांना फोन लावला.

"साफ आहे. उद्या सकाळी येतो."

"भावाजवळ शनिवारी होते ना? मंग आज तिसरा दिवस. हे टेस्ट नाई झाली, इवाईबुवा. नाकात काडी घातली, एवढंच झालं."

"उद्या परत करतो. चौथा दिवस होतो. चौथा घ्या, पाचवा सोडा."

"मी सोडून काय होते?"

"बरं, साडेचार. बारसं संध्याकाळी ठेवा, मी दुपारी करतो."

"बिमारी भाव नाई करत."

"मास्क लावून दाराशी उभा राहीन. कुणाला हात लावणार नाही."

"तुमाले मास्क आहे. त्या लेकराजवळ काय आहे? दिवस तुमीच बुधवार धरला. मले तर गुरुवारही चालला असता."

शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. बुधवारी मी नवा कुर्ता घालून गाडी घेऊन बोरसीला गेलोच. बायको राजनांदगावला मुलीकडे होती, ती मुलीला घेऊन तिथूनच परस्पर आली होती. मुलगा आधीपासून सासरीच होता. सगळे आत. फाटकाच्या आत कोपऱ्यात प्लास्टिकच्या स्टुलावर इवाई बसलेले, तोंडाला मास्क. मला पाहून उठले, कडीवर हात ठेवला, पण ती उघडली नाही. "गाडीतच बसा. मोबाइलवर दिसते सगळं." मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला फाटकावर थांबवलं, तेही नातीच्या बारशाला! असं आमच्याकडे कुणी ऐकलं नसेल. मी गाडीत बसून पाहिलं. मोबाइलमध्ये पाळणा दिसला, बायकांच्या पाठी दिसल्या, आणि माझ्या मुलीने, म्हणजे आत्याने, आठ दिवस कुणालाही न सांगितलेलं नाव बाळाच्या कानात सांगून मग सगळ्यांसाठी मोठ्याने म्हटलं. शार्वी. मी काच खाली केली, तेव्हा इवाई फाटकाला टेकून उभे होते. त्यांच्याजवळ बटनांचा साधा फोन, आत बायकांचा गलका.

"काय ठेवलं नाव?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, चिडवून राहिले आहेत. मी म्हणालो, "तुमच्याच घरात ठेवलं ना? आत जाऊन विचारा!" आणि गाडी सुरू केली.

गुरुवारी सकाळी माझा घसा खवखवला. रागात होतो तरी फोन त्यांनाच केला. "आता थांबू नका," ते म्हणाले. पंधरा मिनिटांनी एक रेघ ठसठशीत आली, आणि दुसरी अशी, की आहे म्हटलं तर आहे. त्यांच्या फोनवर फोटो दिसत नाही, म्हणून वर्णन करणं आलं.

"दुसरी अगदी फिकी आहे. अर्धीपण नाही. पाव रेघ धरा."

"पाव रेघेची बिमारी पूर्ण असते. दार लावून घ्या."

ते बरोबर होते. हे मी त्याच दिवशी कबूल केलं, पलंगावर पडल्या पडल्या. आदल्या दिवशी मी आत गेलो असतो, नातीवर वाकलो असतो, काय झालं असतं याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही, अर्ध्यावर सोडतो. पण बरोबर असणं वेगळं आणि इवायाला फाटकावर बसवणं वेगळं. तो राग मी अकरा महिने ठेवला. बोरसीला दर रविवारी नातीला पाहायला जायचो, कारण सून डॉक्टरांच्या सांगण्यावरून बरेच महिने माहेरीच होती, आणि दर रविवारी टोमणा मारायचो. त्यांनी चिवडा पुढे केला की "पाचव्या दिवशी खातो." पाणी दिलं की "याची टेस्ट झाली का?" सून आमच्या घरी आली तरी माझा रविवार चुकला नाही, मी तिला आणि नातीला घेऊन जायचो आणि टोमणा मारून परत यायचो. "बारसं तर तुमी मस्त एन्जॉय केलं!" असंही मी चार लोकांत म्हणालो. ते हसायचे आणि माझ्या ताटात आणखी चिवडा घालायचे.

मागच्या महिन्यात नातीच्या पहिल्या वाढदिवसाची तयारी सुरू होती. मुलाने बारशाचे सगळे फोटो टीव्हीवर लावले. मी खुर्ची ओढून बसलो, नात पाहायला नाही, इवाई पाहायला. मांडीवर बाळ आणि हातात लाडू, असा एक फोटो मला हवा होता. मोठा करून त्यांनाच भेट देणार होतो. सगळे पाहिले. एकातही ते नव्हते.

"तुझे बाबा कुठे आहेत यात?" मी सुनेला विचारलं.

ती ताटं पुसत होती, हातातलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते कुठं आत होते, बाबूजी? मंगळवारी तुमचा फोन आला, तेव्हाच त्यांनी जिन्याखाली खाट टाकली, स्कूटरजवळ. म्हणाले, इवायांची रेघ परवा येईल, अन् आली तर मी पण त्याच गाडीत होतो. आई ताट पायरीवर ठेवायची. शनिवारी टेस्ट केली, सोमवारी परत केली. त्यांना तर काहीच झालं नव्हतं."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणे, रागात राहिले तर येत राहतील. शरमले तर येणं बंद करतील."

मी टीव्ही बंद केला. म्हणजे त्या दिवशी तो माणूस मला अडवायला बाहेर आलेला नव्हता. आपल्याच घराच्या अंगणात, आपल्या पहिल्या नातीच्या बारशाला, माझ्याइतकाच बाहेर होता; आणि तेही माझ्या बडबडीने, माझ्या बंद काचांनी, माझ्या बुधवारने. मला निदान मोबाइल होता. त्यांनी एक नाव विचारलं, आणि ते मी दिलं नाही.

हे कळलं त्याला तीन रविवार झाले. तिन्ही रविवारी मी गाडी काढली. एकदा तर पार दुर्गपर्यंत गेलो आणि तिथून पेट्रोल भरून परत आलो. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं, हीच तर फसवणूक आहे. खोटा राग माझ्या गळ्यात मारला, मी तो खरा समजून वर्षभर वापरला, आणि आता तो माझ्याजवळ नाही. रविवारी घरात बसून मला कळत नाही की हात कुठे ठेवायचे. तिकडे ते चिवड्याचा डबा काढून ठेवत असतील, आणि विहीणबाई विचारत असतील, "आज पण नाई आले?"

फाटकावर ते माझ्यावर ओरडले असते, "मी पण बाहेरच आहे, डोळे नाई का?" असं एकदा म्हणाले असते, तर आमचं तिथंच जोरात भांडण झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत मिटलंही असतं. ते गप्प राहिले. म्हणून माझा त्यांना सरळ सवाल आहे, आणि यात मी एक पैसा कमी करणार नाही. इवाईबुवा, तुम्ही मला सांगितलं कावून नाही? आता मी कोणत्या तोंडाने येऊ, हे तुम्हीच येऊन सांगा. जाब तुम्हाला द्यावा लागेल.