सामानासकट दिलेली खोली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. गावाबाहेरच्या वडाखालून मी शीळ घालत जाणारा माणूस. दुसऱ्यांना घाबरवायला दोनदा त्याच वडावर चढून बसलोय! तेव्हा हे लिहितोय ते नाइलाजानं...

राहात्यात बाजारतळाच्या मागे माझ्या दोन खोल्या आहेत. पूर्वेला तोंड, वर मंगलोरी कौलं, परसात आड. लढाईच्या दिवसांत त्यांना भलताच भाव आला. रेशनिंगचे क्लार्क बदलून येत ते एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन, आणि सागाचं लाकूड तर औषधालाही मिळत नव्हतं. खोली मोकळी द्यावी की सामानासकट, यावर मी पारावर व्याख्यानं झोडायचो. माझा पक्ष सामानाचा. "अहो, समोर टेबल-खुर्ची दिसली की क्लार्क स्वतःला मामलेदार समजतो — भाड्यात घासाघीस करत नाही!"

आमची मंडळी मोकळ्या खोलीच्या बाजूच्या. "माणूस आपलं सामान घेऊन येतो, आपलं घेऊन जातो," ती म्हणायची. "मागे काही राहत नाही."

तिला माहीत होतं ना, सामान कोणाचं होतं ते.

आधीचे भाडेकरू याकोब मास्तर. मिशनच्या शाळेत शिकवायचे. एकटा जीव, सुतारकामाचा नाद. टेबल, कपाट, बाज, वेताची खुर्ची, सगळं त्यांनी स्वतः केलेलं. तापानं गेले. जायच्या आधी मला म्हणाले, "अण्णा, हे सगळं मार्थाला." मार्थाबाई म्हणजे त्यांची बहीण, कोल्हारची. मातीला आली तेव्हा म्हणाली, "सुगी झाली की गाडी आनते." मी म्हणालो, "बेलाशक!"

सुगी झाली तेव्हा खोलीत जोगळेकर क्लार्क राहत होते — सामानासकट. मी कोल्हारच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला की सगळं वाळवीनं खाल्लं. आणि नुसता धाडला नाही, वठवला! कपाळाला हात लावला, सुस्कारा सोडला. त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यावर मी मिशीत हसलो.

पौषात एकदा जोगळेकर म्हणाले, "अण्णा, रागावू नका... माझ्या माघारी खोलीत कोण बसतं?"

"कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या जानव्याला. कोण बसणार?"

"तेच तर! कचेरीतून येऊन खुर्चीत बसलो की ती ऊन लागते. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी."

"जोगळेकर, वहिनींना बोलावून घ्या. एकटेपणा बाधतोय तुम्हाला!"

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्याबरोबर गेलो. माझ्यासमोर कुलूप काढलं. खिडकी बंद होती. टेबलावर हात ठेवला, गार. कपाट गार. बाजेची दोरी गार. मग खुर्चीच्या वेतावर ठेवला...

माणसाच्या अंगाची ऊब होती ती. उन्हाची नव्हे, चुलीची नव्हे.

आठ दिवस मी खेळ मांडला. खुर्ची उलटी करून ठेवली, ओलं फडकं पसरलं, दाराला माझं दुसरं कुलूप लावलं. ऊब तशीच! मग काय, बाजारात आरोळ्याच ठोकायच्या बाकी होत्या. लोक हात लावून बघायला येऊ लागले. मी आवाज खाली आणून, भिवया वर नेऊन सांगत होतो. खरं सांगू? मजा येत होती.

आणि बाजाराच्या दिवशी मार्थाबाई दारात. डोक्यावर टोपली, पाय धुळीनं भरलेले.

"सलाम, अण्णा. समदं वाळवीनं खाल्लं म्हनं."

"हो ना बाई... फार वाईट झालं."

"एखादा पाय, एखादी फळी उरली आसंल तर द्या. भावाच्या हातचं काय बी न्हाई माज्या घरात."

मी खोलीच्या दारातच उभा होतो, शेजारी जोगळेकर. माझ्या पाठीमागे खुर्ची उघड दिसत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे सगळं या साहेबांचं. नगरहून आणलंय त्यांनी."

जोगळेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

ती आत आली. खुर्चीच्या डाव्या हाताखाली वेत तुटून पुन्हा विणलेला होता. न शोधता तिचा अंगठा नेमका तिथं गेला. मग तळवा बैठकीवर टेकला. बराच वेळ तिनं तो उचलला नाही.

"लई चांगली खुर्ची हाय, साहेब," ती जोगळेकरांना म्हणाली. "जपून वापरा."

टोपली उचलली आणि गेली. मी हात लावून पाहिला. वेत दगडासारखा गार.

जोगळेकरांनी आपली वळकटी बाजेवरून काढून जमिनीवर टाकली. पहाटे मी बैलगाडी जुंपली. मंडळींनी वाटेची भाकरी बांधून दिली.

कोल्हारात सामान उतरवताना आळी गोळा झाली. काय बोलायचं ते मी वाटभर घोकलं होतं. "मार्थाबाई, मी खोटं..." एवढं म्हणेपर्यंत ती बायांकडे वळली होती.

"वाळवी लागली व्हती समद्याला. आण्णांनी वाचवलं, येवढं लांब घिऊन आले. कोन करतंय आजकाल?"

एक म्हातारा पुढं येऊन माझ्या पाया पडला.

खुर्ची कशानं ऊन व्हायची, तिच्या हाताखालीच का गार झाली, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. खोल्या आता मोकळ्याच देतो. ही गोष्ट मी अनेकांना रंगवून सांगितली, पण नेहमी जोगळेकर घाबरले तिथवरच. पुढचं आज पहिल्यांदा लिहितोय. कारण त्या आळीत, तो म्हातारा पायाशी वाकलेला असताना, मी — एरवी बोलून बोलून माणसांना हैराण करणारा — काहीच बोललो नाही. त्याला आशीर्वाद दिला.