साफ केलेलं तळं

आर्णीजवळचं आमचं मोठं तळं बंजाऱ्यांनी मीठ वाहणाऱ्या बैलांसाठी खोदलेलं. त्यात इतकी कमळं असायची, की पाणी दिसायचंच नाही. साठ सालच्या दिवाळीत आईनं लक्ष्मीपूजनासाठी कमळं आणायला पाठवलं. बांधावर चढले आणि जागीच थिजले. तळ्यात एक पान शिल्लक नव्हतं. उपटलेल्या कमळांचा ढीग काठावर सडत होता, म्हशी त्यात तोंड घालत होत्या.

"कोणी केलं हे?" मी किंचाळलेच.

कचेरीतला शिपाई रिकामी टोपली घेऊन तिथेच बसला होता. "नव्या साहेबानं. कचरा दिसते म्हणे."

कचरा! माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही इथं काय करताय?"

"साहेबाच्या घरीबी पूजा हाय ना, पोरी. कमळं आण म्हणून मलेच पाठवलं."