काळी ताटं उन्हात

एस.टी. सुटायची वेळ झाली तरी अम्मा एका खिडकीतून तांब्याचं पातेलं आत ढकलत होती आणि अब्बा दुसऱ्या खिडकीतून लाकडी पेटी. पेटीत अब्बांच्या रेकॉर्डी; त्यांचा चावीचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, आधीच आत नवऱ्याकडं. कंडक्टर म्हणाला, "चाचा, पेटीला अर्धं तिकीट लागंल." अब्बा म्हणाले, "अरे, ती गाते, पण खात नाही." अम्मा वैतागली, "संसाराला पातेलं लागतं गो पोरी, ही काळी ताटं काय करशील?" अब्बांनी शेवटचं एवढंच सांगितलं, "बाजाला पूर्ण चावी देऊ नको, स्प्रिंग तुटते. एक वळसा राखून ठेव." नवऱ्याच्या मांडीवर बाजा, माझ्या मांडीवर पेटी, पायांत पातेलं, असे आम्ही कोकणातून भिवंडीला आलो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं.

अब्बा तरुणपणी जहाजावर भंडारी होते, खलाशांच्या जेवणाचं बघायचे. बाकीचे लोक परदेशातून अत्तरं आणायचे, हे रेकॉर्डी. त्यांनी त्यांचे तीन प्रकार पाडले होते: नाचायच्या, रडायच्या आणि घोड्यावर बसायच्या. जॅझ, ब्लूज, कंट्री ही नावं मला लेक कॉलेजात गेल्यावर कळली. मला अजून अब्बांचीच बरी वाटतात. इंग्रजी त्यांना बंदरापुरतं यायचं, पण अर्थ छातीठोक सांगायचे. गाणं कुठलंही असो, "हा म्हणतो, गाडी सुटली आणि मी मागं राहिलो."

निजामपुऱ्यात खोली मिळाली ती दोन कारखान्यांच्या मधोमध. लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट असा की शेजारीण भांडायला आली तर तिचे नुसते हातवारे दिसायचे. नवरा लूम दुरुस्त करायचा, त्याची कुजबुजसुद्धा नाक्यावर ऐकू जायची. मी हौसेनं बाजा लावला, तर रेकॉर्ड फिरताना दिसते आणि आवाज नाही! मला रडूच आलं. तेवढ्यात लाईट गेली. सगळे लूम एकदम गप्प, आणि माझ्या खोलीतून एक माणूस इंग्रजीत गळा काढून रडायला लागला. चावीच्या बाजाला कुठं लाईट लागते?

समोरच्या कारखान्यातले निसारभाई, आजमगढचे, धावत दारात आले. "भाभी, कौन मर गया?"

"कोई नहीं भाई, गाना है."

थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हमारे यहाँ भी ऐसे ही रोते हैं. फिर से लगाइए."

तेव्हापासून लाईट गेली की कारीगर माझ्या दाराशी. त्यांचा शेठ ओरडायचा, "अरे, धंदा बुडतोय, जरा दुःख तरी करा!" निसारभाई म्हणायचे, "वही तो कर रहे हैं, शेठ. अंग्रेजी में."

मग मला नादच लागला. भिवंडीजवळच्या काल्हेरच्या गोदामांकडून एक भंगारवाला यायचा, त्याच्या गाडीत मुंबईच्या जुन्या बंगल्यांतल्या रेकॉर्डी सापडायच्या. बाकीच्या बायका जुने कपडे देऊन भांडी घ्यायच्या, मी भांडी देऊन रेकॉर्डी घेतल्या. नवरा म्हणायचा, "लोकांच्या घरात सोनं वाढतं, आपल्याकडं ताटं. आणि त्यात जेवताही येत नाही!"

अब्बा गेले तेव्हा मी अम्माला घेऊन आले. ती आली, पण तिची कपड्यांची पिशवी काही उघडेना. दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवली. "पाऊस संपला की मी निघाले. इथं माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही." गावात आता तिचं कोण होतं? बंद घर आणि एक मांजर, तीही शेजाऱ्यांची. तिनं राहावं म्हणून मी सगळं करून पाहिलं, रोज मासळी आणली. ती खायची आणि पिशवीकडं बघायची. एकदा विचारलं, "माझं पातेलं कुठाय गो?"

मी म्हटलं, "अम्मा, ते आता गातं."

तिनं उठून पिशवीची गाठ आणखी आवळली.

पाऊस उघडला. आपल्याकडं पावसानंतर काय करतात ते तुम्हां गाववाल्यांना सांगायला नको; ओल धरलेलं सगळं घर उन्हात. जाण्याआधी लेकीचं घर नीट लावून द्यावं म्हणून मी बाजारात असताना अम्मानं गच्चीवर गोधड्या घातल्या, बोंबील घातले, मसाला घातला, आणि बुरशीचा वास येतो म्हणून रेकॉर्डीही ओळीनं मांडल्या. या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या. पडल्या तर फुटतात, तापल्या तर वाकतात. मी पोचले तेव्हा काहींच्या वाट्या झाल्या होत्या, काहींचे पापड. अम्मा काठी घेऊन कावळे हाकत बसलेली. "बघ, कशा खडखडीत वाळल्या!"

मी एक उचलली. हातात अब्बांची सगळ्यात लाडकी, गाडी सुटल्याची, कडेनं लाटेसारखी उठलेली. माझं तोंड बघून अम्माला कळलं काहीतरी बिघडलंय. ती उठली ती थेट खाली खोलीत, पिशवी काढायला.

मी मागोमाग खोलीत पोचले आणि लाईट गेली. काय करावं सुचेना म्हणून मी तीच रेकॉर्ड लावली. सुई वर चढायची, खाली उतरायची, आणि तो बिचारा गाणारा तिच्याबरोबर हेलकावे खात होता. निसारभाई म्हणाले, "भाभी, आज ये पीके आया है." अम्मा पिशवी हातात घेऊन दारातच थांबली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, अब्बा गेल्यानंतर पहिल्यांदा. "हा तर होडीत बसलाय गो! तुझा बाप जहाजावर असंच ऐकत असणार, म्हणून त्याला आवडायचं!" हसता हसता रडली. मग म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्या दिवशी खिळ्यावरच्या पिशवीत मला कांदे सापडले. कपडे माझ्या कपाटात होते, माझ्या साड्या बाजूला सारून. पुढं ती शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिली. लूम चालू असले की भिंतीकडं बघून म्हणायची, "कधी मरते ही लाईट?"

आता आम्ही काल्हेरच्या बिल्डिंगीत राहतो. लूम नाहीत, दिवसभर शांतता, गाणं कधीही ऐकावं. पण मला काही ते जमत नाही. तुम्ही गावात राहिलेले आणि आखातात गेलेले मला विचारता, "तुझं घर कुठलं गो, गावचं की भिवंडीचं?" काय सांगू? इथं लाईट फारशी जात नाही. मग एखाद्या दुपारी मी उठते आणि मेन स्विच पाडते. आतून लेक ओरडते, "अम्मी, फ्रिज!" मी ती होडीवाली रेकॉर्ड काढते, चावी देते, एक वळसा राखून ठेवते.