काळ्या गाडीवरची काजळी

हौशीरामने पहिला दात पाडला तो इनामगावच्या शिवारात, घोडनदीच्या पात्रात. समोरच्याने वाळूची ट्रॉली आधी लावली, एवढंच कारण. तिथून पुढे त्याचं पोट त्याच्या मुठींवर चाललं. वाळू उपसणाऱ्या रविराजकडे तो माणसं हाकलायच्या कामाला होता. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फोडलं, एकदा तुरुंगातही जाऊन आला. घरी आला की तीच मूठ त्याच्या बायकोवर, मायावर पडायची. एका संध्याकाळी त्याने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली. रक्ताने डोळा मिटलेला, तशीच ती धाकट्या लेकीला, भाग्यश्रीला, कडेवर घेऊन कासुर्डीला बापाच्या घरी निघून गेली.

तो आणायला गेला तेव्हा माया उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"आत येऊ नका," ती म्हणाली. "साखर कारखान्याचं धुराडं कालपासनं पेटलंय. ते इझंस्तोवर तुमचा हात कुणावर बी उठला न्हाई, तर मी येईन. उठला तर फारकत. मधे बोलायला सुद्धा यायचं न्हाई."

"आन् मी खाऊ काय तवर?"

"ते मी कशाला सांगू?"

ते तिच्या बापाने सांगितलं. शंकररावांचा जन्म रांजणगावच्या कारखान्यात गाड्यांच्या पत्र्याला रंग मारण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाटसला हमरस्त्याच्या कडेला गाड्या धुण्याची आणि पॉलिशची शेड टाकली होती. जावई डोळ्यांपुढे राहील, म्हणून त्यांनी त्याला हाताशी घेतलं. दया म्हणून नव्हे.

पहिल्या गाड्या हौशीरामने बिघडवल्याच. तो फडकं असं दाबायचा, जणू पत्र्याखाली कुणीतरी लपलंय. गाडी लांबून चमकायची. पण शंकरराव बॅटरी तिरपी धरायचे आणि त्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे उठून दिसायचे.

"जावई, या गाडीनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"लख्ख दिसाया पायजे म्हणून जोर लावला, मामा."

"जोर लावून लख्ख झाली असती, तर माझी पोरगी उजळली असती."

हौशीरामची मूठ वळली. त्याने ती साबणाच्या बादलीत कोपरापर्यंत बुडवली आणि म्हातारा शेडमागे जाईपर्यंत बाहेर काढली नाही. पुढे ही त्याची सवयच झाली. ट्रकवाल्याने आईवरून शिवी दिली, हात बादलीत. गिऱ्हाइकाने नोट चिटोऱ्यासारखी तोंडावर फेकली, हात बादलीत. त्याच्या बोटांची कातडी म्हाताऱ्या बाईसारखी सुरकुतली.

पण हाताला वळण लागत गेलं. गाडी सावलीत घ्यायची आणि पत्रा गार होऊ द्यायचा, कारण बोअरचं पाणी उन्हात वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. साबणाची बादली वेगळी, फडकं खंगाळायची वेगळी. हात सरळ चालवायचा, गोल नाही. टॉवेल पत्र्यावर अंथरायचा आणि नुसता ओढायचा. पॉलिश वाटाण्याएवढं, आणि एका वेळी ताटाएवढ्याच जागेवर. एका फडक्याने ते उचलायचं, फडक्याची घडी उलटायची, मग दुसऱ्या कोऱ्या फडक्याने शेवटचा हात. तो शेवटचा हात शंकररावांनी त्याचं मनगट धरून शिकवला. निजलेल्या लेकराच्या गालावरची माशी उठवावी, इतका हलका. तो चुकला की पॉलिशचे पट्टे राहतात.

आणि काजळी. उसाचं गाळप सुरू असलं की धुराड्यातून काळी कुसळं उडतात आणि दोरीवरचे कपडे, भाकरी, गाड्या, सगळ्यांवर बसतात. तिथला प्रत्येक जण ती हाताने नाहीतर रुमालाने कोरडीच झटकतो.

"तिला पाणी पायजे, फडकं न्हाई," शंकरराव सांगायचे. "कोरडी पुसली की काचेच्या चुऱ्यावाणी रंग कापती."

हंगाम सरत आला. आज संध्याकाळी धुराडं विझणार, असं कारखान्याच्या भोंग्याआधीच सगळ्यांना कळलं होतं. मायाने बापाजवळ निरोप दिला होता, संध्याकाळच्या एसटीने येते. शंकरराव पॉलिशच्या मशीनचे पॅड आणायला दौंडला गेले होते. शेडमध्ये हौशीराम एकटा होता, तेव्हा रविराजची काळी गाडी येऊन थांबली. बरोबर दोन माणसं.

"हौश्या, धुणं धुतोस म्हणं आता?" रविराज हसत उतरला. "भावाची हळद हाय. तोंड दिसलं पायजे बघ बॉनेटमधी."

"दिसंल, दादा."

"आन् रातच्याला नदीवर ये. पलीकडची पोरं लई माजल्यात. एकाचा गुडघा काढायचाय. तुझ्या हाताचं काम हाय."

"त्यो हात आता न्हाई, दादा."

रविराज खुर्ची ओढून बसला आणि सगळं काम होईपर्यंत बघत राहिला. हौशीरामने गाडी धुतली, मशीन फिरवलं, पॉलिश उचललं, शेवटचा हात दिला. बॅटरी तिरपी धरली. एक पट्टा नाही, एक ओरखडा नाही. काळं बॉनेट विहिरीच्या पाण्यासारखं झालं होतं. पहिल्यांदाच त्याला त्यात स्वतःचा चेहरा धड दिसला. त्याने गाडी शेडबाहेर काढली.

वरून एक काळं कुसळ तरंगत आलं आणि बॉनेटच्या मधोमध बसलं. रविराजने खिशातून रुमाल काढला.

"दादा, पुसू नगा. पाणी—"

रविराजने बोटं दाबून, गोल गोल, पुसलं. उतरत्या उन्हात पंख्यासारखे ओरखडे उमटले. त्याने ते पाहिले, मग हौशीरामकडे पाहिलं.

"हे काय करून ठेवलंस?"

पहिला तडाखा तोंडावर बसला. मग दोघांनी त्याला सिमेंटवर पाडलं. पाण्याचा जाड पाइप पाठीवर, मानेवर, कानावर. फासळ्यांत लाथ. रविराजने बुटाची टाच त्याच्या उजव्या बोटांवर ठेवली आणि अंगाचा भार टाकला. आत काहीतरी कटकन मोडलं.

"मार की, हौश्या. का बायकोनं हात काढून ठिवलेत?"

हौशीरामने मान वळवली. धुराड्यातून अजून धूर येत होता. बादली हाताच्या टप्प्यात नव्हती. त्याने दोन्ही पंजे उघडे करून सिमेंटवर सपाट दाबून धरले. डाव्या हाताला जॅकची लोखंडी दांडी लागत होती. त्याने बोटं तिच्यापासून लांब सरकवली.

फाट्यावर एसटी थांबली. माया एकटीच उतरली; भाग्यश्रीला तिने माहेरीच ठेवलं होतं. लांबून तिला हाणामारीच दिसली आणि तिथेच तिचं तोंड दगडासारखं झालं. मग ती जवळ आली. तिने त्याचे हात पाहिले.

तिने गाड्या धुण्याच्या चालू मशीनची पाण्याची बंदूक उचलली आणि रविराजच्या डोळ्यांत फवारा मारला. तो डोळे धरून कोसळला. मग तिने दांडी उचलली. पुढे आलेल्या पहिल्या माणसाच्या गुडघ्यावर ती अशी बसली, की तो ओरडायचंही विसरला. दुसरा मागे सरला. मायाने पुढची काच फोडली, मग दोन्ही दिवे, मग त्या विहिरीसारख्या बॉनेटवर घाव घालत राहिली, पत्रा दुमडेपर्यंत. एसटीतली माणसं खाली उतरली होती. कुणी मोबाइल धरले होते, पण मधे कुणी पडलं नाही.

दुसऱ्या माणसाने दोघांना गाडीत कोंबलं. खिडकीतून डोकं काढून रविराज म्हणाला, "शेड जाळीन." गाडी सोलापूरच्या बाजूला गेली.

हौशीराम उठून बसला. त्याने तोंडातलं रक्त थुंकलं. तळहातावर दात आला. या वेळी स्वतःचा.

"माया, अगं, अट होती की."

"तुमच्यावर व्हती."

"त्यो परत येईल."

"येऊ दे."

कारखान्याचा भोंगा झाला. दोघांनी तिकडे पाहिलं. धूर पातळ होत गेला आणि थांबला. मायाने पिशवी उचलली. हौशीरामने दांडी घ्यायला डावा हात पुढे केला. तिने ती त्याच्यापासून लांबच्या हातात घेतली. तिच्या भुवईवरचा जुना व्रण घामाने चमकत होता.

"मी येती घरी. बोलली हाय तर येती," ती म्हणाली. "पर ही माझ्या उशाशी राहील."

"बरं."

"रविराजसाठी न्हवं."

"कळलं मला," हौशीराम म्हणाला.